योगायोगाने बदललेला रुपेरी इतिहास

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत दिग्दर्शकापासून प्रकाशयोजनाकारापर्यंत सर्वांची नावे झळकतात. ज्याने अनेकदा चित्रपटाचे भवितव्य ठरविले, त्या योगायोगाचे नाव मात्र तेथे कधीच आढळत नाही. हिंदी चित्रपटसृष्टीचा पायाच मुळी अशा एका योगायोगावर उभा आहे.

दादासाहेब फाळके यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामतीची भूमिका करणारी स्त्री मिळेना. त्या काळी पडद्यावर येणे हे कुलीन घरातील स्त्रियांनाच नव्हे, तर गणिकांनाही कमीपणाचे वाटे. अखेर मुंबईतील ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके फाळक्यांच्या दृष्टीस पडले. सडपातळ बांधा आणि नाजूक हात पाहून त्यांनी साळुंके यांनाच तारामती केले. ३ मे १९१३ रोजी हा चित्रपट मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात प्रदर्शित झाला. पुढे 'लंकादहन'मध्ये (१९१७) याच साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या.

तारामतीची भूमिका स्त्रीकडे येण्यासही एक निवडच कारणीभूत ठरली. 'फरेबी जाल' (१९३१) या चित्रपटातील दुर्गा खोटे यांच्या छोट्या भूमिकेकडे व्ही. शांताराम यांचे लक्ष गेले. 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा'मध्ये (१९३२) त्या तारामती झाल्या. मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघालेल्या या बोलपटानंतर सुशिक्षित घरातील मुलींसाठी चित्रपटसृष्टीचे दार किलकिले झाले.

सत्तरच्या दशकात नकारांनीही इतिहास घडविला. 'जंजीर'चा (१९७३) नायक होण्यास अनेक नामवंतांनी नकार दिला. तेव्हा ओळीने अपयश पदरी आलेल्या अमिताभ बच्चन यांच्याकडे ही भूमिका आली आणि प्रेमकथांच्या पडद्यावर 'संतप्त तरुण' अवतरला. 'शोले'तील (१९७५) गब्बरसिंग प्रथम डॅनी डेन्झोंगपा साकारणार होते. मात्र 'धर्मात्मा'च्या अफगाणिस्तानातील चित्रीकरणामुळे त्यांच्या तारखा जुळल्या नाहीत. ती जागा तोवर फारसे परिचित नसलेल्या अमजद खान यांनी घेतली. खलनायकाचे संवाद प्रेक्षकांना नायकाच्या संवादांइतकेच तोंडपाठ झाले.

समांतर चित्रपटही यास अपवाद नाही. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणाऱ्या स्मिता पाटील यांना श्याम बेनेगल यांनी हेरले. 'चरणदास चोर' आणि 'निशांत' (दोन्ही १९७५) यानंतर 'भूमिका'साठी (१९७७) त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गोविंद निहलानी यांनी 'हँड्स अप' या मराठी नाटकात सदाशिव अमरापूरकर यांना पाहिले आणि 'अर्धसत्य'मधील (१९८३) रामा शेट्टी त्यांच्याकडे सोपविला. आरडाओरड न करता दहशत निर्माण करणारा खलनायक हिंदी पडद्याला त्यातून लाभला.

मात्र या साऱ्याला निव्वळ नशीब म्हणणे अन्यायाचे ठरेल. अमरापूरकर यांच्यामागे अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) रंगभूमीपासूनची दीर्घ साधना होती. बच्चन यांनी अपयशाच्या काळातही अभिनय सोडला नव्हता. योगायोगाने संधी दिली, ती टिकविली तयारीने.

आणखी एक बाब विसरून चालणार नाही. साळुंके ग्रँट रोडवर होते, स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर होत्या, अमरापूरकर मराठी रंगमंचावर होते. योगायोग घडण्यासाठीही पारख करणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात असावे लागते. बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात असलेल्या युसूफ वडगावसारख्या गावातील गुणी मुलामुलींपासून हा टप्पा आजही दूरच आहे. मोबाइलने तो थोडा जवळ आणला असला, तरी अभिनयाची तालीम घेण्यासाठी रंगमंच लागतोच. कोणाला भूमिका मिळाली, याच्या कथा आपण आवडीने सांगतो. कोणावर कधी नजरच पडली नाही, त्यांची नोंद मात्र कोणत्याही इतिहासात नाही.