वऱ्हाडचे ऊन आणि मोजमापाचा इतिहास



स्मरणिकेसाठी "तू नेमके काय काम करतेस ते लिही" असा निरोप आला. मोबाइल, ड्रोन, गाड्या यांत हालचाल ओळखणारे सेन्सर असतात. ते तापले की नसलेली हालचाल दाखवू लागतात. ही चूक वजा करणारे सॉफ्टवेअर मी लिहिते. काम नवे वाटते, पण अडचण जुनी आहे आणि तिचा इतिहास आपल्या वऱ्हाडातून गेलेला आहे. म्हणून स्वतःपेक्षा त्या इतिहासाविषयीच लिहिते.

गोळा आणि कडीचा प्रयोग आपण सर्वांनी पाहिला आहे. गोळा तापवला की तो कडीतून जात नाही. 10 एप्रिल 1802 रोजी विल्यम लॅम्ब्टन यांनी मद्रासजवळ साडेसात मैलांची पायारेषा मोजायला घेतली, तेव्हा हाच प्रयोग त्यांच्यापुढे उभा राहिला. त्यांची पोलादी साखळी शंभर फुटांची होती. मुळात ती चीनच्या बादशहाला भेट म्हणून गेलेली, तिथे नाकारली गेल्यावर हिंदुस्थानात आली. अशी साखळी 10 अंश सेल्सिअस तापली तर सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब होते. साडेसात मैलांत ती जवळजवळ चारशे वेळा मांडायची, म्हणजे एकूण फरक सव्वा मीटरच्या वर जातो. या एका रेषेवर पुढचे सगळे त्रिकोण उभे राहणार होते. म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवायची, वर तंबूची सावली करायची आणि शेजारच्या थर्मामीटरवरून वाढ काढून हिशेबात धरायची, अशी रीत ठरली.

दक्षिणेकडून निघालेले हे सर्वेक्षण वीस वर्षांनी आपल्या भागात पोचले. 20 जानेवारी 1823 रोजी लॅम्ब्टन यांचे हिंगणघाट येथे निधन झाले. त्यांची कबर तिथेच आहे. काम जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे आले. दामरगिद्दा ते कल्याणपूर ही रेखांशरेषा त्यांनी मोजली. तिच्यावरचे मधले ठाणे वऱ्हाडात होते. सर्वेक्षणाच्या कागदांत त्याचे नाव 'टाकळखेरा' असे येते.

एव्हरेस्ट आजारपणामुळे 1825 मध्ये इंग्लंडला गेले आणि 1830 मध्ये परतताना साखळीऐवजी नवे साधन घेऊन आले. त्यात लोखंडाचा आणि पितळेचा असे दोन गज मध्यभागी जोडलेले असत, आणि टोकांना दोन्ही गजांना धरून एकेक आडवी पट्टी असे. तापल्यावर पितळ जास्त वाढते, पट्टी तिरपी होते, पण तिच्या पुढे आलेल्या भागावरचा एक ठिपका जागेवरच राहतो. दोन टोकांच्या ठिपक्यांमधले अंतर कायम दहा फूट. उष्णतेनेच उष्णतेची चूक खोडून काढायची, अशी ही युक्ती. तिच्यातही एक खोट होती. दोन धातू एकाच वेगाने तापत नाहीत. ऊन चढत असताना पितळ आणि लोखंड यांचे तापमान वेगळे राहते आणि तेवढा काळ ठिपका सरकतो.

तिसरा मार्ग कोकणात दिसतो. कुलाबा वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. टांगलेल्या चुंबकाचे अगदी सूक्ष्म वळणे टिपायचे, असे ते काम. चुंबक तापला की थोडा दुबळा होतो आणि उष्णतेने झालेला फरक पृथ्वीचाच वाटतो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरल्यावर संचालक नानाभाई मूस यांनी ही मोजणी अलिबागला हलवली. 1904 मध्ये तिथे काम सुरू झाले. इमारत पोरबंदरी दगडाची, लोखंड अजिबात नाही आणि बाहेरची ऊब आत जाऊ नये म्हणून खोलीच्या आत खोली. आपल्याकडे पेवात ज्वारी ठेवत, तोच हा विचार. जमिनीखाली बाहेरच्या उन्हाळ्या-हिवाळ्याचा मागमूस फारसा लागत नाही. भूकंपमापकही याच कारणाने तळघरात किंवा जमिनीत पुरून बसवतात.

आजचा सेन्सर काही मिलिमीटरचा असतो. आत सिलिकॉनच्या बारीक स्प्रिंगांवर टांगलेले वजन असते. तापमान वाढले की स्प्रिंग किंचित मऊ होते, वेष्टन ताणले जाते आणि स्थिर पडलेला सेन्सर 'मी हललो' असे सांगू लागतो. ही चूक गुरुत्वाकर्षणाच्या फक्त एक हजारांश असली, तरी तेवढ्यावर अंतर काढल्यास एका मिनिटात सुमारे 18 मीटरचा घोळ होतो, आणि दहा मिनिटांत पावणेदोन किलोमीटरचा. उपाय लॅम्ब्टन यांचाच. सेन्सरशेजारी छोटा थर्मामीटर बसवायचा, पेटीत ठेवून उणे 40 पासून 85 अंशांपर्यंत तापवायचा, प्रत्येक तापमानाची चूक नोंदवायची आणि वापरताना ती वजा करायची.

पण थर्मामीटर असतो एका जागी आणि स्प्रिंग दुसऱ्या जागी. मे महिन्यात अकोल्यात मोटारसायकलच्या हँडलवर मोबाइल उन्हात तापतो, मग सावलीत भरभर निवतो. अशा वेळी दोघांचे तापमान एक नसते. तापताना 40 अंशांवर मिळालेली चूक निवताना त्याच 40 अंशांवर पुन्हा तेवढीच मिळेल याचीही खात्री नाही. एव्हरेस्ट यांच्या पितळ-लोखंडाची जी गत, तीच आमच्या सिलिकॉनची. वजाबाकी कितीही हुशारीने केली तरी 'तापमान नेमके कशाचे मोजले?' हा प्रश्न उरतोच. म्हणून अचूक उपकरणांत आजही तिन्ही मार्ग एकत्र वापरतात: ऊब बाहेर ठेवा, चुकीला चुकीने खोडा आणि उरलेली मोजून वजा करा.

सेन्सरच्या माहितीपत्रकावरचा आकडा बहुधा 25 अंशांवरचा असतो. आपल्या भागात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. तो आकडा इथे खरा ठरतो की नाही, हे इथल्याच उन्हात तपासावे लागेल, आणि हे काम आपल्याच मुलामुलींनी करावे असे मला वाटते. विज्ञानाच्या गुरुजनांना एवढीच विनंती: प्रयोगवहीत वाचनाशेजारी तापमानाचाही एक रकाना असू द्या, आणि ते हवेचे की वस्तूचे, हेही विद्यार्थ्यांना लिहायला लावा.