अण्णांची फिरती आणि लक्ष्मीबाईंची चूल



मागचा चातुर्मास माझा साताऱ्यात गेला. नोकरीच्या कामासाठी सहा महिने तिकडे राहावं लागलं. सांगली-सातारा म्हणजे काही परदेश नव्हे. आष्टा, पेठ नाका, कऱ्हाड करत एसटी तीन-साडेतीन तासांत पोचवते. पण सोमवारी पहाटे घर सोडायचं आणि शनिवारी रात्री परत यायचं, असं सुरू झालं की तेच अंतर लांब वाटायला लागतं. दिवस कामात जायचा. त्रास व्हायचा तो संध्याकाळी.

आपलं दिवस मावळायच्या आत जेवण. आषाढात सातपर्यंत उजेड असतो, तेव्हा निभावलं. पण आश्विन लागला की सव्वासहालाच अंधारून येतं आणि मी तेव्हा कुठे कामावरून बाहेर पडत असे. मग दुपारच्या डब्यातली एक चपाती मागे ठेवायची आणि साडेपाचला कोपऱ्यात बसून खाऊन घ्यायची. खोलीवर आल्यावर काही काम नसे. सांगलीच्या घरी याच वेळेला सासूबाईंचा सामायिक पाठ, मुलांचा दंगा, शेजारच्या वहिनींची हाक असं सगळं एकदम चालू असतं. इथे फक्त पंख्याचा आवाज.

घरमालकीण काकू खालच्या मजल्यावर राहायच्या. पहिल्याच आठवड्यात त्या वाटीत म्हाद्या आणि दोन ज्वारीच्या भाकऱ्या घेऊन वर आल्या. म्हाद्या म्हणजे शेंगदाण्याचं कूट आणि हिरवी मिरची घातलेली दाटसर आमटी. सातारा-सांगलीकडची म्हणून ती मला परकी नव्हती, पण तिच्यात लसूण हवाच असा तिकडचा दंडक. मी दारातूनच म्हणाले, "काकू, आमचं नाही चालत." नुसतं एवढंच. आत या म्हणाले नाही, का चालत नाही तेही सांगितलं नाही. त्या "बरं बाई" म्हणून खाली गेल्या. जिन्यावर त्यांची पावलं सावकाश उतरताना ऐकू येत होती. नियम माझा बरोबर होता, बोलणं चुकलं होतं. रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

त्याच दिवसांत मी कर्मवीर भाऊराव पाटलांविषयी नीट वाचायला घेतलं. साताऱ्यात राहून रयत शिक्षण संस्था डोळ्यांआड करताच येत नाही. शिवाय अण्णा आपल्यातले. बावीस सप्टेंबरला आपल्याकडे त्यांच्या फोटोला हार घालतात, भाषणं होतात. पण खरं सांगू? शाळेतल्या निबंधापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. जन्म १८८७ चा, कुंभोजचा. गाव वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. संस्था काढली १९१९ ला. एवढंच. आणि वाचताना ज्या गोष्टीने मला धरून ठेवलं ती अशी, की संस्था काढण्याआधी हा माणूस फिरतीवरचा विक्रेता होता. नांगर आणि काचसामान विकत गावोगाव हिंडायचा.

त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे आणि ती पंगतीची आहे. भाऊराव शिकायला कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात होते. अण्णासाहेब लठ्ठे तिथे व्यवस्था पाहत. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. त्या समारंभाला भाऊराव गेले आणि परत आले. जेवायला बसण्याआधी आंघोळ कर, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. आपल्याच समाजाच्या पंगतीतून एका वीस-एकवीस वर्षांच्या मुलाला उठावं लागलं, तेही विटाळ मानायला तयार नाही म्हणून. आपल्या कार्यक्रमांत ही गोष्ट सांगतात, पण जरा भरभर सांगतात असं मला वाटतं.

पुढचं वाचून मी थांबलेच. १९१४ मध्ये कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचं प्रकरण झालं. त्यात लठ्ठ्यांना गुंतवायचा घाट होता आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष दे म्हणून भाऊरावांवर दडपण आलं. ज्यांनी बोर्डिंगातून काढलं त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यायला भाऊरावांनी साफ नकार दिला. त्यासाठी मार खाल्ला, कोठडी सोसली. असत्य न बोलण्याचं अणुव्रत आपण दशलक्षणात दरवर्षी ऐकतो. ते किती महाग पडू शकतं ते इथे दिसतं.

मग साताऱ्यात शिकवण्या करून पोट भरणं आलं. 'पाटील मास्तर' हे नाव तेव्हाचं. आणि त्यानंतर फिरती. त्या काळात आपल्या भागात दोन मोठे कारखाने उभे राहिले होते, दोन्ही औंध संस्थानच्या माळावर. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव सोडून १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या रानात आले, तीच किर्लोस्करवाडी. आणि कऱ्हाडजवळ १९१६ मध्ये ओगल्यांचा काच कारखाना सुरू झाला, ती ओगलेवाडी. भाऊरावांनी या दोन्ही कारखान्यांचा माल विकला.

आज आपल्याला लोखंडी नांगर विकणं म्हणजे काही विशेष वाटत नाही. पण किर्लोस्करांचे पहिले नांगर दोन-दोन वर्षं पडून राहिले होते. लोखंडाने जमीन नासते, पीक येत नाही, असं शेतकरी मानत. तेव्हा विक्रेत्याचं काम म्हणजे दुकानात बसणं नव्हतं. मिरज-पुणे गाडीने एखाद्या स्टेशनात उतरायचं, तिथून बैलगाडी नाहीतर पायवाट धरायची, गावच्या पारावर बसायचं, लोकांचं ऐकून घ्यायचं आणि मग आपलं सांगायचं. नुसता भाव सांगून भागत नसे, आधी ओळख व्हावी लागे. आणि आपल्या गावांत ओळख होते ती भाकरीवर.

तेव्हा सांगली नावाचा जिल्हाही नव्हता, हे मला साताऱ्यातच लक्षात आलं. सांगली हे पटवर्धनांचं संस्थान. वाळवा, तासगाव, शिराळा, खानापूर हे सगळे तालुके सातारा जिल्ह्यात. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे भाऊरावांच्या फिरतीच्या दिवसांत ऐतवडे ते सातारा एकच जिल्हा होता, आणि मी ज्याला परगाव म्हणून कुढत होते ते माझ्या पणजोबांच्या हिशेबाने घरचंच होतं!

शिदोरी म्हटलं तर आपल्याकडची ठरलेली. धडप्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, लोणच्याची फोड. ती दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी ओसरीवर जेवावंच लागतं. आणि ज्याच्या ओसरीवर आपण जेवतो त्याच्या घरातलं सगळं दिसतं. पोरं किती, शाळेत किती जातात, डब्यात धान्य किती, सावकाराचा कागद कुठे ठेवलाय. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याला नांगर विकला तरी त्या नांगराने आलेलं पीक दुसराच नेतो. हे भाऊरावांना कोणत्या पुस्तकाने शिकवलं नसावं. ही फिरतीचीच कमाई, असं माझं मत.

१९१० च्या सुमारास दूधगावला आपल्याच काही मंडळींबरोबर त्यांनी विद्यार्थ्यांच्या आश्रमाचं काम केलं होतंच. आता ४ ऑक्टोबर १९१९ ला, दसऱ्याच्या मुहूर्तावर, कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था निघाली. तरी पोटासाठी नोकरी सुटली नव्हती. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या नांगराच्या कारखान्याच्या उभारणीतही ते होते. शिक्षणासाठी पैसे देण्याच्या शब्दावरून तिथे बिनसलं आणि त्यांनी ते काम सोडलं. १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली, सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह सुरू झालं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं.

एवढं सगळं पुस्तकांत ठळक अक्षरांत सापडतं. लक्ष्मीबाईंसाठी मात्र पानं चाळावी लागतात.

लक्ष्मीबाई कुंभोजच्या पाटलांची लेक. बाहुबलीच्या डोंगराच्या पायथ्याचं गाव, खातंपितं घर, धर्माचं वळण कडक. लग्नात अंगावर भरपूर सोनं आलेलं. नवरा कधी शिकवणीला, कधी तुरुंगात, कधी नांगर घेऊन कुठल्या गावाला. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनी कागदावर उतरवलं नाही, पण ज्या बाईचा नवरा फिरतीवर असतो तिला हे वेगळं सांगायला नको. जाणाऱ्याला निदान वाट तरी असते. मागे राहणारीला तेच घर आणि तीच संध्याकाळ.

आणि मग एक दिवस त्यांच्या घरात मुलं यायला लागली. मराठ्यांची, महारांची, मांगांची, मुसलमानांची. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या बाईने ती पहिल्याच दिवशी जवळ घेतली, असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. खुद्द त्यांच्या आठवणी सांगणारेही म्हणतात की सुरुवातीला त्यांना ते जड गेलं. जाणारच. आपल्या सगळ्यांची चूल म्हणजे आपला धर्म असतो. पाणी गाळायचं, धान्य निवडायचं, जीवजंतू पाहायचे, अष्टमी-चतुर्दशी सांभाळायची. त्या चुलीभोवती परकी पोरं येऊन बसली की आधी अंग आक्रसतं. मग त्यातलं एखादं पोर तापाने फणफणतं, एखादं रात्री आईच्या आठवणीने रडतं. त्यांच्या आयाही कुठे कोसभर नव्हत्या, चार-चार दिवसांच्या वाटेवर होत्या. एकटेपणा त्या पोरांनाही होता आणि लक्ष्मीबाईंनाही. दोन्ही एकाच स्वयंपाकघरात आले.

मंगळसूत्राची गोष्ट आपण ऐकलेली असते. अण्णा मदत गोळा करायला बाहेरगावी गेलेले. वसतिगृहातलं धान्य संपलं. मुलं उपाशी आहेत असा निरोप आला. तोवर बाकीचे दागिने एकेक करून गेले होते, उरलं होतं गळ्यातलं. ते लक्ष्मीबाईंनी काढून दिलं आणि त्याचं धान्य आलं. भाषणांत या ठिकाणी टाळ्या पडतात. मला मात्र त्यातलं दुसरंच दिसतं. अण्णा घरी नव्हते. विचारायला कोणी नव्हतं. हो म्हणायचं की नाही, हे त्या बाईने एकटीने, त्या दारात उभं राहून ठरवलं. नवरा जिवंत असताना मंगळसूत्र उतरवणं ही शंभर वर्षांपूर्वीच्या कुंभोजच्या लेकीसाठी नुसती सोन्याची गोष्ट नव्हती.

एक प्रश्न मला वाचताना सारखा टोचत राहिला. मनाला पटलं म्हणून घर मोडायचा हक्क नवऱ्याला कोणी दिला? अण्णांचं मोठेपण मी कमी करत नाही. पण त्यांनी जे सोडलं ते त्यांनी स्वतः निवडून सोडलं होतं. लक्ष्मीबाईंना आधी विचारलं गेलं का, याविषयी कोणी फारसं बोलत नाही. त्यांनी नंतर ते आपलंसं केलं, हा त्यांचा पराक्रम, आणि त्याचं श्रेय त्यांनाच वेगळं मिळायला हवं. १९३० मध्ये त्या गेल्या. पुढची कॉलेजं, गावोगावच्या शाळा, अण्णांना मिळालेलं पद्मभूषण, यातलं काही त्यांनी पाहिलं नाही. आज रयतच्या ७०० हून अधिक शाखा आहेत. संस्थेत त्यांना रयतमाउली म्हणतात. आपल्या महिला मंडळात त्यांच्या नावाचा कार्यक्रम मी अजून तरी पाहिलेला नाही.

हे वाचून झाल्यावर एका शनिवारी मी सांगलीला जायच्या आधी खाली गेले. काकू तांदूळ निवडत होत्या. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. कांदा-लसूण का नाही, बटाटा का नाही, दिवस मावळायच्या आत का. जमिनीखालच्या जीवांचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्या माळकऱ्यांचं बी असंच असतंय की. मग त्या दिवशी सांगायचं न्हाई व्हय?" त्या स्वतः वारकऱ्यांच्या घरातल्या, एकादशी करणाऱ्या. भांडी वेगळी आहेत, मांसाचं काही या घरात शिजत नाही, हे त्यांनी न विचारताच सांगितलं आणि मला आणखीच लाजल्यासारखं झालं.

पुढच्या सोमवारपासून साडेपाचला कामाच्या ठिकाणी डबा यायला लागला. काकूंचा नातू सायकलवरून आणून द्यायचा. बिनलसणाचा म्हाद्या, गरम भाकरी, कधी मुगाची उसळ, कधी दोडक्याची भाजी. लसणाऐवजी त्या जिरं जरा जास्त घालत आणि कूट थोडं भरड ठेवत. करून पाहा, छान लागतो. फोडणीत हिंग मात्र विसरू नका.

सहा महिने संपले तेव्हा मी त्यांना आमच्याकडचं भडंग नेलं. बाजारच्या भडंगात लसूण असतो, म्हणून आईने घरी केलेलं, मोठा डबा भरून. काकूंनी मूठभर तोंडात टाकलं, थोडा वेळ चावत राहिल्या.

"यात लसूण न्हाई व्हय?"

"नाही हो काकू."

"मग राहू दे तसंच," त्या म्हणाल्या, आणि डब्याचं झाकण लावून देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवलं. रिकामा डबा मात्र त्यांनी दिला नाही. त्यात कंदी पेढे भरून दिले आणि शनिवारी रात्री ते सांगलीला पोचले तेव्हा दिवस मावळून गेलेला, म्हणून आम्ही सगळ्यांनी ते रविवारी सकाळी खाल्ले.