निरीश्वरवादी पेगन समुदाय व ऋतूत्सव

देवदेवतांचे प्रत्यक्ष अस्तित्व न मानता, निसर्गाविषयीचा पूज्यभाव आणि ऋतुमानानुसार येणारे उत्सव यांच्या आधारे एकत्र येणारे पाश्चात्त्य देशांतील आधुनिक समुदाय. ‘पेगन’ ही संज्ञा ‘पागानुस’ (ग्रामवासी) या लॅटिन शब्दावरून आली असून इ. स. चौथ्या शतकापासून ती ख्रिस्तेतर धर्मीयांना लावली जाऊ लागली. विसाव्या शतकात यूरोप-अमेरिकेतील काही गटांनी ती स्वतः होऊन स्वीकारली. त्यांतील अनेकजण देवता सत्य मानतात. काहीजण मात्र त्यांना निसर्गशक्तींची वा मनोवृत्तींची प्रतीके समजतात. या मतवैविध्याची नोंद मार्गो ॲड्लर यांच्या ड्रॉइंग डाउन द मून (१९७९) या ग्रंथात आढळते. श्रद्धा समान नसतानाही हे लोक एकत्र राहतात, याचे एक प्रमुख कारण म्हणजे त्यांची समान कालगणना होय.

वर्षचक्र : वर्षात आठ सण येतात. त्यांपैकी चार सूर्याचे : दोन अयनदिन (सु. २१ जून व २१ डिसेंबर) आणि दोन विषुवदिन (सु. २० मार्च व २२ सप्टेंबर). उरलेले चार मूळचे आयरिश : इम्बोल्क (१ फेब्रुवारी), बेल्टेन (१ मे), लूनसा (१ ऑगस्ट) व साउइन (१ नोव्हेंबर). सायन गणिताप्रमाणे अयनदिन व विषुवदिन यांमधील नेमके मध्यबिंदू या रूढ तारखांनंतर काही दिवसांनी येतात; म्हणून काहीजण तारखेऐवजी तो खगोलीय क्षण पाळतात. दक्षिण गोलार्धात ऋतू उलट असल्याने तेथील अनेक गट सण सहा महिन्यांनी सरकवतात. आकाशनिरीक्षणास उपकरण लागत नाही. एकाच जागेवरून रोज सूर्योदय पाहिल्यास त्याचा क्षितिजावरील बिंदू सरकताना दिसतो. दक्षिण इंग्लंडमध्ये दोन अयनदिनांच्या दरम्यान हे अंतर सु. ८०° भरते. अयनदिनाच्या सुमारास हा बिंदू काही दिवस स्थिर भासतो व नंतर मागे वळतो.

हे आठ सणांचे चक्र प्राचीन काळापासून अखंड चालत आले, ही समजूत इतिहासकार रॉनल्ड हटन यांनी खोडून काढली. त्यातील काही सण जुने असले, तरी आठांची एकत्र मांडणी १९५०–६० या दशकात ब्रिटनमध्ये, जेरल्ड गार्डनर यांचा विक्का पंथ व रॉस निकल्स यांचे ड्रुइड वर्तुळ यांत झाली.

समुदाय : अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील कार्लटन कॉलेजमध्ये धार्मिक उपासनेस सक्तीने उपस्थित राहावे लागे. त्याच्या निषेधार्थ १९६३ मध्ये काही विद्यार्थ्यांनी ‘रिफॉर्म्ड ड्रुइड्स’ हा गट स्थापून टेकडीवर स्वतःची उपासना सुरू केली. कोणासही आपला धर्म वा नास्तिकता सोडावी लागत नसे. १९६४ मध्ये सक्ती रद्द झाली. निषेधाचे कारण उरले नाही. तरीही गट टिकला. पंथमताची अट न घालणाऱ्या युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट संप्रदायात १९८५ मध्ये पेगनांची स्वतंत्र संघटना निघाली व १९९५ मध्ये त्या संप्रदायाने पृथ्वीकेंद्री परंपरांना आपल्या स्रोतांत स्थान दिले.

एकत्र जमण्याचा हक्क : इंग्लंडमधील स्टोनहेंज या अश्मवर्तुळाचे मोठे दगड इ. स. पू. सु. २५०० मध्ये उभारले गेले. त्याचा अक्ष उन्हाळी अयनदिनाच्या सूर्योदयाकडे व हिवाळी अयनदिनाच्या सूर्यास्ताकडे आहे. ते ड्रुइडांनी बांधले, ही समजूत चुकीची आहे. तथापि १९०५ मध्ये आधुनिक ड्रुइडांनी तेथे मोठा दीक्षासमारंभ केला. १९७४ पासून भरणाऱ्या मुक्त महोत्सवास १९८५ मध्ये मनाई झाली. १ जून रोजी तिकडे निघालेला ताफा पोलिसांनी अडवला व ५०० हून अधिक लोकांना अटक केली. त्यानंतर अनेक वर्षे अयनदिनी तेथे जमण्यावर निर्बंध होते. १९९९ मध्ये ‘हाउस ऑफ लॉर्ड्‌स’ने, रहदारीस अडथळा न करता सार्वजनिक रस्त्यावर शांतपणे जमणे हे अतिक्रमण ठरत नाही, असा निर्णय बहुमताने दिला. २००० पासून अयनदिनी दगडांजवळ जाण्यास पुन्हा मुभा मिळाली. तेथे आस्तिक, निरीश्वरवादी व केवळ जिज्ञासू असे सर्वजण एकाच सूर्योदयाची वाट पाहतात. या समुदायांत एकमत असते ते देवतेविषयी नव्हे, तर कोणालाही पडताळून पाहता येणाऱ्या आकाशातील घटनेविषयी.