वायरवाल्यांचा इतिहास

मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं ते २३ जुलै १९२७ ला. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी नावाच्या खासगी कंपनीचं हे केंद्र. त्याची ताकद दीड किलोवॅट, आणि आवाज नीट पोचायचा तो साधारण तीस मैलांपर्यंत. ते ऐकण्याचे दोन मार्ग होते. पैसे असतील तर व्हॉल्व्हचा सेट आणि लाउडस्पीकर घ्यायचा, म्हणजे दिवाणखान्यात सगळ्यांनी बसून ऐकता येई. तेवढे पैसे नसतील, पण केंद्र जवळ असेल, तर क्रिस्टल सेट. तांब्याच्या तारेचं वेटोळं, एक खनिजाचा खडा, त्या खड्यावर टेकवायची बारीक तार, आणि बाहेर लांब टांगलेली एरियल. बॅटरी नाही, वीज नाही. हवेतून येणाऱ्या लहरींच्या जोरावरच तो चालायचा. पण तो जोर इतका कमी, की त्यावर लाउडस्पीकर चालणं शक्य नव्हतं. म्हणून हेडफोन कानाला लावावे लागत.

म्हणजे कानात घालून ऐकणं ही सुरुवातीला चैन नव्हती. ज्याला मोठा सेट परवडत नाही, त्याची ती सोय होती. सरकारी परवाना मात्र दोघांनाही सारखाच, वर्षाला दहा रुपये. ती कंपनी १९३० मध्ये बुडाली. मुंबई आणि कलकत्ता अशी दोन केंद्रं चालवूनही तिला देशभरातून आठ हजारसुद्धा परवानाधारक मिळाले नव्हते. महागड्या सेटच्या भरवशावर हा धंदा चालणार नाही, हा धडा आपल्याकडे इतक्या लवकर मिळाला होता.

हे सगळं मी शोधत बसलो त्याला कारण आहे. मी मुलुंडला राहतो. रोज लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो वनने अंधेरी. येताना तोच रस्ता उलटा. दिवसाचे दोन-अडीच तास माझ्या कानात काहीतरी चालू असतं, आणि ते चारशे रुपयांच्या आतल्या वायरवाल्या इअरफोनमधून येतं. गेल्या दिवाळीत बोनस मिळाला तेव्हा ऑफिसातल्या चार जणांनी मला चार वेगवेगळ्या वायरलेस जोड्यांच्या लिंक पाठवल्या. 'आता तरी अपग्रेड कर,' हे प्रत्येकाचं म्हणणं. मी पुन्हा वायरवालेच घेतले. कंजूसपणा म्हणा, जुनाटपणा म्हणा. पण 'अपग्रेड' या शब्दात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: स्वस्त वस्तू ही पायरी आहे आणि महाग वस्तू हा मुक्काम. मुंबईच्या ऐकण्याचा इतिहास पाहिला तर तसं दिसत नाही.

आधी त्या जॅककडे बघा. वायरच्या टोकाला जी धातूची पिन असते, तिचा पूर्वज टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मला. एकोणिसाव्या शतकात ऑपरेटर एका माणसाची लाइन दुसऱ्याला जोडायला जाड पिन बोर्डातल्या भोकात खुपसत. त्याच पिनेची छोटी आवृत्ती पुढे ट्रान्झिस्टर रेडिओत आली. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ चा, आणि अमेरिकेत खिशात मावणारा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ विकायला आला १९५४ मध्ये. साडेतीन मिलिमीटरची पिन अशा छोट्या रेडिओंबरोबर जगभर पसरली. तिचं मोठेपण एवढंच, की ती कुणा एकाची राहिली नाही. कुठल्याही कंपनीचा इअरफोन कुठल्याही कंपनीच्या रेडिओत बसायचा.

आपल्याकडे त्या काळात ऐकायला काय होतं? १९५२ नंतर बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री होते, आणि त्यांना सिनेमाची गाणी खपत नसत. आकाशवाणीवरून ती जवळपास हद्दपार झाली, तर लोकांनी काटा रेडिओ सिलोनकडे वळवला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारलाच विविध भारती काढावी लागली. त्याच वर्षी मुलुंड आणि बोरिवली मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली. अंधेरी, घाटकोपर त्याआधी, १९५० मध्ये आली होती. उपनगरं शहरात सामील होत होती आणि ट्रान्झिस्टर हळूहळू स्वस्त होत होता. ज्यांना कंपनीचा सेट झेपत नव्हता, ते लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून सेट जोडून घेत. त्यावर नाव कुणाचंच नसे, पण स्टेशन तेच लागायचं.

नंतर आला वॉकमन. १ जुलै १९७९ ला सोनीने जपानमध्ये तो बाजारात आणला, किंमत ३३ हजार येन. त्या पहिल्या मॉडेलला हेडफोनसाठी दोन भोकं होती. एकट्याने कानात घालून बसणं लोकांना उद्धटपणा वाटेल, अशी सोनीच्या प्रमुखांनाच धास्ती होती, म्हणून दोघांची सोय. आपल्याकडे वॉकमन आला तो गल्फहून परतणाऱ्यांच्या बॅगांतून आणि मुसाफिरखान्यासारख्या 'फॉरेनच्या' बाजारांतून. बहुतेकांनी तो दुसऱ्याच्याच कानाला पाहिला.

पण वॉकमनच्या पोटात जी वस्तू होती, तिने खरी उलथापालथ केली. कॅसेट. फिलिप्सने ती १९६३ मध्ये काढली. आपल्याकडे ऐंशीच्या दशकापर्यंत रेकॉर्ड म्हणजे एचएमव्ही असं समीकरण होतं. रेकॉर्ड महाग, प्लेअर त्याहून महाग, आणि कुणाचं गाणं छापायचं हे ठरवणारी माणसं मोजकी. १९८३ मध्ये गुलशन कुमार यांनी सुपर कॅसेट्स, म्हणजे आपली टी-सीरिज, सुरू केली. त्यांची कॅसेट एचएमव्हीपेक्षा बरीच स्वस्त असायची आणि ती पानवाल्याकडे, किराणा दुकानातही मिळायची. पीटर मॅन्युएल या अमेरिकन संगीत अभ्यासकाचं १९९३ मध्ये आलेलं 'कॅसेट कल्चर' हे पुस्तक याच घडामोडीवर आहे. कॅसेट स्वस्त झाली आणि एका कंपनीची मक्तेदारी मोडली, प्रादेशिक भाषांतलं, गल्लीबोळातलं गाणं विकलं जाऊ लागलं, हे त्यात नीट दिसतं. मराठीत याचा अर्थ काय, तर भीमगीतं, कोळीगीतं, लोकगीतं, आरत्या. प्रल्हाद शिंदे आणि आनंद शिंदे यांचा आवाज रिक्षात, मांडवात, चाळीच्या गॅलरीत पोचला तो कॅसेटवरून. ज्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर कधीच नव्हता, त्यांच्या आवडीला पहिल्यांदा बाजारात किंमत आली.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. स्वस्त कॅसेटच्या या लाटेत चोरीच्या कॉप्या अफाट निघाल्या. कायद्यातल्या एका कलमाचा आधार घेऊन जुनी गाणी नव्या, स्वस्त गळ्यांकडून गाऊन घेतली गेली, आणि मूळ गायकांच्या हाती त्यातलं काही लागलं नाही. धंद्यात पैसा आला तसे गुंडही आले. १२ ऑगस्ट १९९७ ला अंधेरीत देवळाबाहेर गुलशन कुमार यांची गोळ्या घालून हत्या झाली. तेव्हा स्वस्त म्हणजे आपोआप चांगलं, असं मी म्हणत नाहीये. म्हणणं इतकंच आहे, की कोण काय ऐकणार हे या शहरात दर वेळी स्वस्त वस्तूने ठरवलं.

आता सप्टेंबर २०१६ मधला एकच आठवडा घ्या. ५ तारखेला जिओची सेवा सुरू झाली, डेटा फुकट. ७ तारखेला अमेरिकेत आयफोन ७ दाखवला गेला आणि त्याला हेडफोनचं भोकच नव्हतं. कंपनीच्या अधिकाऱ्याने मंचावरून त्यामागचं कारण सांगितलं, 'धैर्य'. त्याच दिवशी एअरपॉड्स जाहीर झाले, भारतातली किंमत १५,४०० रुपये. एकीकडे गाणी, सिनेमे, क्रिकेट सगळं अचानक कोट्यवधी लोकांच्या आवाक्यात आलं, आणि दुसरीकडे ते ऐकायची तार काढून टाकायला सुरुवात झाली. डेटा फुकट मिळालेल्या माणसाने एअरपॉड्स घेतले नाहीत. त्याने स्टेशनबाहेरून शंभर-दीडशेचे इअरफोन घेतले. किंवा त्याच सुमारास आलेल्या बोटचे, ज्या कंपनीचा कागदोपत्री पत्ता अंधेरी-घाटकोपर लिंक रोडवरचा आहे. पुढच्या वर्षी जिओने दीड हजारांच्या अनामतीवर जिओफोन आणला. त्यात जॅक होता आणि एफएमही होतं. तो फोन कोणासाठी बनवतोय हे बनवणाऱ्याला ठाऊक होतं.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पण आवाजाचं काय? नॉइज कॅन्सलेशनचं काय? त्याचाही इतिहास आहे, आणि त्यात एक बंगाली बाप-लेक आहेत. ननीगोपाल बोस हे बंगालमधले क्रांतिकारक इंग्रजांपासून निसटून अमेरिकेत गेले. त्यांचा मुलगा अमर बोस एमआयटीत प्राध्यापक झाला आणि त्याने बोस कंपनी काढली. १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना विमानाच्या घरघरीत त्याला हेडफोनवर धड ऐकू येईना, तेव्हा त्याने तिथेच कागदावर गणित मांडायला घेतलं. बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपायचा आणि त्याच्या बरोबर उलटी लहर कानात सोडायची, म्हणजे दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. ही युक्ती इंजिनाच्या एकसुरी, खालच्या पट्टीतल्या घरघरीवर उत्तम चालते. माणसांचा आवाज, भांडण, हॉर्न असल्या सतत बदलणाऱ्या आवाजांवर ती तितकी चालत नाही.

म्हणजे ही वस्तू विमानातल्या खुर्चीवर बसून सुचली. मुलुंडहून सकाळची ८:४० ची लोकल म्हणजे विमान नाही. दारातून 'उतरायचंय का?' विचारणारा आवाज मला ऐकू यायला हवा. प्लॅटफॉर्म बदलल्याची घोषणा ऐकू यायला हवी. कानात इअरफोन घालून रूळ ओलांडताना माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. गर्दीत कोपर लागून इअरफोन निसटला, तर वायरवाला गळ्यात लोंबकळतो. वायरलेसची गोळी प्लॅटफॉर्म आणि गाडीच्या फटीतून खाली गेली की गेली.

दुसरा मुद्दा दुरुस्तीचा. एअरपॉड्स आले तेव्हा वस्तू उघडून तपासणाऱ्या आयफिक्सइट या अमेरिकन संस्थेने त्यांना दुरुस्तीसाठी दहापैकी शून्य गुण दिले होते. बॅटरी आत चिकटवलेली, उघडायचं तर तोडावं लागतं. लिथियमची इवलीशी बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि वस्तू संपते. माझा वायरवाला बहुतेक वेळा एकाच जागी मरतो, पिनेजवळ तार तुटून. स्टेशनबाहेरचा मोबाइलवाला सोल्डरिंगने ती जोडतो, चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात. पण हाच हिशोब सातशे-आठशेच्या वायरलेस जोड्यांना लावा. किंमत स्वस्त, बॅटरी तीच, दुरुस्ती शून्य. आमच्या घरात धाकट्या बहिणीच्या खणात अशा तीन मेलेल्या डब्या आहेत. मला त्या स्वस्त वाटत नाहीत.

तिसरा मुद्दा पटकन लक्षात येत नाही. फोनमधल्या एफएमला अँटेना लागते, आणि ती अँटेना म्हणजे इअरफोनची वायर. म्हणूनच जुन्या साध्या नोकियात इअरफोन लावल्याशिवाय रेडिओ सुरू व्हायचा नाही. वायर गेली, की हा फुकटचा रेडिओही जातो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. वीज गेली, मोबाइल लागेनात, लोक कुर्ल्या-साकीनाक्यात पाण्यात अडकले, तेव्हा शहरात काय चाललंय हे कळायला बॅटरीवरचा रेडिओ हाताशी होता. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोबाइल कंपन्यांना सूचना काढली, की फोनमधली एफएमची सोय बंद करू नका. कारणांत एक हेच होतं: आपत्तीच्या वेळी नेटवर्क कोसळतं, रेडिओ चालतो. माझी आई अजून दुपारी असंच ऐकते. तिच्या फोनमध्ये माझे जुने इअरफोन, डेटा बंद, गाणी चालू.

वायरलेस घेणाऱ्यांना नावं ठेवायची नाहीत. ज्याला दिवसभर कॉलवर बोलावं लागतं, जो जिममध्ये जातो, जो महिन्यातून चार वेळा विमानात बसतो, त्याने ते जरूर घ्यावेत. माझी हरकत आहे ती निवडच काढून घेण्याला. क्रिस्टल सेटवाल्याला हेडफोन मिळत होते. ट्रान्झिस्टरवाल्याला सुटे भाग मिळत होते. कॅसेट पानवाल्याकडे मिळत होती. तिन्ही वेळा स्वस्त पर्याय बाजारात शिल्लक होता, म्हणून लोक ऐकू शकले. आता महागड्या फोनांतून जॅक जवळजवळ गेलाय आणि तो टिकून आहे मुख्यतः स्वस्त फोनांत.

तेव्हा पुढचा फोन घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजून झाले, की फोन उलटा करून खालची कड बघा. साडेतीन मिलिमीटरचं भोक आहे का? दुकानदाराला विचारा, एफएम चालतं का? तो कदाचित हसेल. तरीही विचारा. गिऱ्हाईक विचारत राहिलं, तरच कंपन्या ते भोक ठेवतील.