रबरबँडचा हिशोब

जवळ रबरबँड असेल तर ताणून बघा. बराच वेळ तो मुकाट्याने ऐकतो आणि शेवटी एकदम हटून बसतो. आजची गोष्ट त्या हट्टाची.

१९४२ मध्ये जपानने मलाया घेतला आणि दोस्त राष्ट्रांचा रबराचा मोठा पुरवठा तुटला. त्याच युद्धकाळात इंग्लंडमध्ये एल. आर. जी. ट्रेलोअर रबर ताणत बसले होते. पट्टी मूळ लांबीच्या सातपटीहून जास्त ताणायची. मग रबराचा पडदा फुग्यासारखा फुगवायचा, म्हणजे ताण दोन्ही दिशांना. प्रत्येक वेळी मोजायचं आणि लिहायचं. हे आकडे १९४४ मध्ये छापून आले.

रबर म्हणजे लांबलचक रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. साखळ्या सरळ होत आल्या की ताणायला जागाच उरत नाही. म्हणून तो हट्ट!

१९९३ मध्ये अमेरिकेत एलन अरुडा आणि मेरी बॉइस यांनी याचं सुटसुटीत गणित मांडलं. एक घन कल्पायचा, आणि त्याच्या मध्यापासून आठ कोपऱ्यांपर्यंत आठ साखळ्या. रबराचे गुण फक्त दोन आकड्यांत: सुरुवातीचा कडकपणा आणि साखळी किती ताणली जाईल याची मर्यादा. अरुडा या एमआयटीत बॉइस यांच्याच पीएचडीच्या विद्यार्थिनी. आज हे गणित फायनाइट एलिमेंटच्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतं. बॉइस पुढे २०१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग शाखेच्या पहिल्या महिला डीन झाल्या.

आता माझी फजिती सांगतो. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये मी न्यूरल नेटवर्कला फक्त पट्टी ताणल्याचे आकडे शिकवले. आलेख इतका सुंदर जुळला की मी खूश! सरांनी एवढंच विचारलं, "आणि हेच रबर फुगवलं तर?" नेटवर्कने जे उत्तर दिलं, तसं रबर जगात कुठेही नसेल. मशीनने पाठांतर केलं होतं, तिला रबर कळलंच नव्हतं.

२०२३ मध्ये केविन लिंका आणि एलन कूल यांनी नेटवर्कच्या रचनेतच भौतिकशास्त्राचे नियम बसवले. मशीनला मोकाट सोडायचं नाही, नियमांच्या चौकटीतच सूत्र शोधायला लावायचं. आणि ते तपासायला आकडे कुणाचे घेतले? ट्रेलोअरचे! जवळजवळ ऐंशी वर्षांपूर्वीचे.

मॉडेल बदलत गेली, पण प्रामाणिकपणे मोजलेले आकडे टिकले. तेव्हा तुमचा पुढचा डेटासेट डाउनलोड करताना, तो कुणी आणि कसा मोजला एवढं बघाच.

भेटू पुढच्या भागात!