तीन हजार पुठ्ठ्यांचा पुरावा

संगणकावर चार ओळी लिहिल्या की हजारो नमुने क्षणात निघतात आणि त्यांचा आलेख पडद्यावर उमटतो. हेच काम विल्यम गॉसेट यांनी हातांनी केले होते.

गॉसेट डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात नोकरीला होते. प्रयोगांतून त्यांच्या हाती मोजकीच निरीक्षणे येत. प्रचलित गणित मात्र मोठ्या नमुन्यांचे. त्यांनी लहान नमुन्यांसाठी नवा वक्र मांडला, पण त्याच्या सिद्धतेतला एक दुवा अंदाजाचा होता. म्हणून त्यांनी ३००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, तुकडे पिसले आणि चार-चारांचे ७५० नमुने केले. वक्र बऱ्यापैकी जुळला. १९०८ साली ‘बायोमेट्रिका’त निबंध आला, तो ‘स्टुडंट’ या टोपणनावाने. पक्की सिद्धता पुढे रोनाल्ड फिशर यांनी दिली.

हा प्रयोग मी पायथॉनमध्ये केला, तेव्हा माझा आलेख त्यांच्या कोष्टकाशी जुळेना. दोन रात्रींनी उलगडा झाला: प्रमाण विचलन काढताना गॉसेट चाराने भागत होते, मी आजच्या रीतीने तीनाने. भाजक बदलला आणि जुळले.

मग आजच्याच रीतीने आणखी एक मोजणी केली. घंटाकृती वक्राच्या हिशेबाने १.९६ पट प्रमाण त्रुटीच्या मर्यादेबाहेर शंभरात पाच नमुने जावेत. चारांच्या नमुन्यांत चौदा-पंधरा जातात.

जुन्या बाजारभावांच्या चार-पाच नोंदींवरून मी काढलेले निष्कर्ष आता पुन्हा तपासायला घेतले आहेत. त्यांतले काही मागे घ्यावे लागतील.