अद्भुत कादंबरी आणि रिसबुडांची तक्रार

नागोठणे-कोलाडदरम्यानच्या खांबपासून पेणपर्यंतचा कुलाब्याचा टापू मराठी कादंबरीच्या इतिहासात सहसा येत नाही. तथापि पेणजवळचे वरसई हे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे जन्मगाव. आणि राजवाड्यांच्या १९०२ मधील 'कादंबरी' या निबंधाने अद्भुत व वास्तव असा जो भेद रूढ केला, तो पुढे मराठी समीक्षेच्या अंगवळणी पडला. कोणती कादंबरी वाचनीय आणि कोणती केवळ वेळ घालविणारी, हा अभिप्राय त्यानंतर बहुधा याच भेदाच्या आधाराने दिला गेला.

हा वाद मात्र राजवाड्यांहून जुना आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी गोष्टींचे भाषांतर हाती घेतले तेही याच सुमारास. नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ मध्ये आली. तिच्या प्रस्तावनेकडे जितके लक्ष जावयास हवे होते तितके गेलेले नाही. आपल्यातील विवाहाच्या चालीमुळे व इतर कारणांमुळे हिंदूंच्या आयुष्यात कादंबरीला पुरेल असे ना दुर्गुण सापडतात ना सद्गुण, अशी रिसबुडांची तक्रार आहे. तक्रारीचा सूर काहीसा विनोदी वाटतो. तिचा आशय तसा नाही. ज्या समाजात वधूवरांची निवड वडीलधारी मंडळी करतात आणि तीही दोघांना समजू लागण्यापूर्वी, तेथे प्रणयाला काळही उरत नाही आणि जागाही. मग लेखकाने राजवाडे, अरण्ये, वेषांतरे व अपहरणे यांच्याकडे वळावे, यात नवल ते काय? ज्या नायिकेला स्वतःचा पती निवडावयाचा आहे, ती राजकन्याच असावी लागते.

म्हणजे अद्भुताचा आश्रय ही वास्तवाकडे फिरवलेली पाठ नव्हे. ते वास्तवाचेच अपत्य होय. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) मध्ये विधवांची जी दुःस्थिती दिसते, तिच्या मुळाशी हीच विवाहसंस्था आहे. एका कादंबरीने त्या संस्थेचे बळी दाखविले, दुसरीने तिच्याबाहेरचा प्रदेश कल्पिला. भालचंद्र नेमाडे यांनी १९८० च्या आपल्या निबंधात 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' व 'मोचनगड' (१८७१) यांपासून तीन भिन्न प्रवृत्ती दाखविल्या. वर्गीकरण म्हणून ही मांडणी उपयुक्तच आहे. पण पहिल्या दोन प्रवृत्तींचे सामाजिक मूळ एक असल्याचे तीत झाकले जाते, आणि रंजनपर कादंबरीच्या वाट्याला नैतिक निर्णय तेवढा येतो.

पुढची वाट रेनॉल्ड्सची. गो. ना. दातारांची रूपांतरे आणि नाथमाधवांची 'वीरधवल' (१९१३) यांनी परकी कथानके देशी पोशाखात आणली; नंतर बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा वाचनालयांतून फिरल्या. ही उसनवारी निंद्य ठरविणे सोपे होते. पण उसने काय घेतले आणि काय वगळले, हे पाहिल्यावाचून तो निर्णय अपुरा राहतो. आणि वाचकाला त्यात काय सापडत होते, हे तर समीक्षेने क्वचितच विचारले. रिसबुडांनी ते लेखनापूर्वीच विचारले होते, आणि उत्तर त्यांना लग्नाच्या मांडवात मिळाले होते.